पुढच्या सीटवरचे तांदूळ

कंपनीच्या रंगीत कागदावर लिटरमागं सव्वीस किलोमीटर छापलं होतं आणि गाडीच्या पडद्यावर एकोणीस पूर्णांक चार दिसत होतं. मधले साडेसहा किलोमीटर गेले कुठं, या एका प्रश्नापायी दत्ताराम गावस सरांना त्या वर्षी मानकुराद आंबाही गोड लागेना.

सरांनी गोव्यातल्या साखळी गावच्या एका हायस्कुलात तेहतीस वर्षं विज्ञान शिकवलं होतं. प्रयोगाचं उत्तर चुकलं तर ते विद्यार्थ्याला माफ करत, पण उत्तर का चुकलं हे ज्याला सांगता येत नसे त्याला वर्गाबाहेर उभं करत. आता निवृत्त झाल्यावर वर्ग उरला नव्हता, विद्यार्थी उरले नव्हते, आणि चुकीचं उत्तर देणारी वस्तू स्वतःच्याच अंगणात आंब्याखाली उभी होती.

गाडी हायब्रिड होती. म्हणजे तिच्यात पेट्रोलचं इंजिन होतं, शिवाय मोठी बॅटरी आणि विजेची मोटर होती. दोघं मिळून संसार ओढायची, कधी हे पुढं, कधी ती, आणि आत्ता नेमकं कोण ओढतंय हे बाहेरच्याला कळायचं नाही. सर हे सगळं येणाऱ्याजाणाऱ्याला समजावून सांगत. ऐकणारा शेवटी एकच विचारायचा, "ॲव्हरेज किती देते?" आणि सरांचा चेहरा पडायचा.

शेवटी ते शोरूममध्ये गेले. तिथल्या कोमल नावाच्या सल्लागार बाईंनी गाडीला कसलंसं यंत्र जोडलं, हसऱ्या चेहऱ्यानं पाहिलं आणि म्हणाल्या, "सर, गाडी एकदम ओके. एसी कितीवर ठेवता?"

"मी सव्वीसवर ठेवतो."

"आणि मग?"

"मग आमची ही वीसवर नेते."

कोमल बाई गोड हसल्या. "तेच, सर."

त्या 'तेच'नं साखळीत जे सुरू झालं त्याला नंतर कुणाला आवर घालता आला नाही.

त्या संध्याकाळी सरांच्या घरासमोरच्या सोप्यावर बैठक बसली. एक होता शेजारचा साईश. मूळचा दोडामार्गाकडचा, पाळीच्या खाणीवर टिपर चालवायचा, आणि ज्याला चाक आहे त्या प्रत्येक गोष्टीत शेवटचा शब्द आपला असं मानायचा. दुसरे समोरच्या किराणा दुकानाचे धाकूशेट. त्यांना गाडी चालवता येत नव्हती, त्यामुळे त्यांची मतं जास्त ठाम होती.

"सर, एसी म्हणजे घरात बसलेला पाहुणा," साईश म्हणाला. "काम काय करत नाही, जेवतो मात्र सगळ्यांपेक्षा जास्त."

"पण हिच्यात एसी इंजिनावर चालत नाही," सर म्हणाले. "कॉम्प्रेसर विजेचा आहे. बॅटरीवर चालतो."

"आणि बॅटरी कशावर भरते?"

"थोडी ब्रेक मारताना, थोडी उतारावर. आणि उरलेली..." सर जरा थांबले, "इंजिनावर."

"मग? जेवतो पाहुणाच मरे. ताट फक्त दुसऱ्या खोलीत वाढलेलं."

सरांना हे पटलं, पण पटलं असं म्हणणं त्यांना जमेना. म्हणून त्यांनी प्रात्यक्षिक दाखवायचं ठरवलं. गाडी अंगणात उभी ठेवून एसी पूर्ण सोडला. आवाज नाही, धूर नाही. धाकूशेट कौतुकानं बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले. सहासात मिनिटांत बॅटरी उतरली आणि गाडीत कुणीही बसलेलं नसताना इंजिन आपसूक घुर्रर्र करून सुरू झालं. धाकूशेट थेट तुळशीवृंदावनाच्या पलीकडे जाऊन उभे राहिले आणि तिथूनच म्हणाले, "सर, हिची एकदा दृष्ट काढून घ्या."

"दृष्ट कसली! उभ्या गाडीत सुद्धा एसी पेट्रोल पितो, ते हे असं," सर उत्साहानं म्हणाले.

दारात सरांची बायको कमलाक्षी उभी होती. हातात चहाचा ट्रे. तिनं ट्रे मेजावर ठेवला तो जरा जोरातच.

"म्हणजे तुमचे साडेसहा किलोमीटर मी खाल्ले तर."

"तसं कुणी म्हटलं नाही गो."

"कोमल बाई म्हणाली. साईश म्हणाला. आता गाडीनं पण सांगितलं. तुम्ही तेवढे राहिलात."

अशा वेळी शहाण्या माणसानं चहा प्यावा. सर म्हणाले, "आपण तसंच धरून नको चालूया. प्रयोग करू. एकच रस्ता, एकच वेग, एकदा एसी लावून, एकदा बंद करून. म्हणजे तुझ्यावर उगाच आळ नको." त्यांच्या मते हे बायकोच्या बाजूचं बोलणं होतं. कमलाक्षीनं चहाचे कप मोजून परत नेले. साईशनं अजून घोटही घेतला नव्हता.

प्रयोगाचा पहिला भाग रविवारी झाला. कमलाक्षीचं माहेर पेडण्यातलं धारगळ. तिथं तिचा भाऊ नारायण राहायचा. साखळीहून डिचोली, अस्नोडा, थिवी, कोलवाळचा पूल आणि मग धारगळ. सरांनी आकडा शून्यावर आणला, एसी चोवीसवर ठेवला आणि साठाच्या वर काटा न नेता गाडी चालवली. धारगळला पोचल्यावर पडद्यावर आलं वीस पूर्णांक सहा. कमलाक्षी वाटेत एक शब्द बोलली नाही. न बोलल्यानं पेट्रोल वाचतं की काय, याची नोंद सरांनी केली नाही.

दुसरा भाग होता बुधवारी. त्या दिवशी नारायणाकडे सत्यनारायणाची पूजा होती. एप्रिल संपत आलेला, लोकसभेची निवडणूक आठवड्यावर, आणि उकाडा असा की फेरीवाल्या पोदेराचे पाव सायकलवरच परत भाजले जावेत. सर आदल्या दिवशी म्हणाले, "उद्या एसी बंद ठेवून जाऊ हं."

"तुम्ही जा," कमलाक्षी म्हणाली. "मी बसनं जाते. बसलाही एसी नाही, पण तिथं माझ्या बसण्याचा हिशेब कुणी ठेवत नाही."

आणि बुधवारी सकाळी ती खरंच निळी साडी नेसून, अबोलीचा वळेसर माळून, घराबाहेर पडली. फाटकाची कडी तिनं हळू लावली. कडी आपटली असती तर सरांना बरं वाटलं असतं.

सरांना तिच्या जाण्याचं वाईट वाटलं. पण त्याहून आधी, हे सांगायला लाज वाटते पण खरं आहे, त्यांना वजनाचं वाईट वाटलं. रविवारी गाडीत ती होती. आज ती नाही. म्हणजे गाडी हलकी. हलकी गाडी कमी पेट्रोल पिणार. प्रयोग फुकट!

ते तडक धाकूशेटच्या दुकानात गेले. साईश तिथं विडी ओढत होताच.

"पंचवीस किलोच्या तांदळाच्या दोन पिशव्या द्या. पूजेला लागतीलच म्हणा. आणि तिच्या वजनाला अजून किती लागतील, तेवढं..."

"कुणाच्या वजनाला?" धाकूशेटनी चष्मा वर केला.

सरांनी सांगितलं. साईशनं विडी विझवली.

"दवाखान्याच्या कार्डावर तर वहिनी पंचावन सांगतात," साईश जपून म्हणाला. "आमच्या घरच्या बाईबरोबर रांगेत होत्या तेव्हा मी ऐकलं."

"हॅत्!" धाकूशेट म्हणाले. "चाळीस वर्षं वजनं करतोय मी. माझा डोळा म्हणजे तराजू. सत्तर!"

"चौसष्ट," सर म्हणाले.

"कशावरून?"

"चौसष्ट," सर पुन्हा म्हणाले. जो माणूस 'कशावरून' हा प्रश्न विचारत जगला, त्यानं त्या प्रश्नाला उत्तर न देण्याची ही पहिलीच वेळ होती. धाकूशेटना आपल्या डोळ्याचा अपमान वाटला, पण त्यांनी दहा किलोची आणखी एक पिशवी काढली आणि वर चार नारळ ठेवले.

पिशव्या पुढच्या सीटवर बसवल्या. नारळ पायाशी लावले. साईशनं निघताना शेवटचा सल्ला दिला, "काचा उघड्या ठेवा. पण साठाच्या वर गेलात तर बंद करा. उघड्या काचांतून वारा भरतो, गाडी मागं ओढली जाते, एसीनं खाल्लं नाही ते वारा खातो."

सरांनी बटण दाबलं आणि गाडी टुंग टुंग टुंग करू लागली. पुढच्या सीटवर कुणीतरी बसलंय आणि पट्टा बांधलेला नाही, असं तिचं म्हणणं. वजन चौसष्टच्या आसपास असावं असा गाडीचाही अंदाज दिसत होता. सर खाली उतरले, पलीकडे गेले आणि तांदळाला पट्टा बांधला. समोरून सहकारी संस्थेच्या सभेला निघालेले दोन निवृत्त शिक्षक जात होते. त्यांनी नमस्कार केला. सरांनी तांदळाच्या खांद्यावर हात ठेवूनच नमस्कार परत केला.

डिचोली ओलांडेपर्यंत सगळं ठीक होतं. मग पुढं खनिजाचे टिपर लागले. एकामागोमाग एक अकरा. उघड्या काचांतून लाल धूळ अशी आत आली की शिमग्याची आठवण व्हावी. सरांचा पांढरा सदरा आधी गुलाबी झाला, मग कौलाच्या रंगाचा. टिपराला मागं टाकायचं तर वेग वाढवावा लागणार, वेग वाढवला तर प्रयोग बिघडणार. सर विज्ञानासाठी धूळ खात राहिले. पडद्यावर मात्र बावीस पूर्णांक एक आलं होतं. मग दोन. मग तीन! तोंडात खडे येत होते तरी सर हसले, आणि हसताना अजून खडे आत गेले.

कोलवाळच्या पुढं मोठा रस्ता लागला. मागच्या गाड्या हॉर्न मारू लागल्या, साठानं चालणं अशक्य झालं, तेव्हा साईशच्या शास्त्राप्रमाणे सरांनी काचा वर घेतल्या. एसी बंद, काचा बंद, बाहेर छत्तीस अंश. आत किती हे सरांनी पाहिलं नाही. घाम धुळीवरून ओघळून चेहऱ्यावर पट्टे उमटले.

आणि तेवढ्यात पुढं पेडण्याची बस दिसली. सरांनी ती ओलांडायला घेतली. बसच्या खिडकीत निळी साडी होती. कमलाक्षीनं खाली पाहिलं. तिच्या जागेवर, पट्टा बांधून, ऐटीत तीन पिशव्या बसल्या होत्या आणि शेजारी लाल पट्ट्यापट्ट्यांचा एक इसम समोर बघत गाडी हाकत होता. तिनं डोळे बारीक केले. इसम ओळखीचा होता. शेजारची बाई म्हणाली, "गो बाये, त्या तांदळांक बेल्ट कित्याक?" कमलाक्षीनं तोंड फिरवलं. तीन पिशव्यांचा अर्थ लावायला तिला विज्ञानाची पदवी लागणार नव्हती.

धारगळ दोनेक किलोमीटरवर राहिलं असताना रस्त्याच्या कडेला निळी ताडपत्री, दोन खुर्च्या, एक मेज आणि लोखंडी अडथळे दिसले. निवडणुकीचं भरारी पथक. शिपायानं हात केला.

पथकाच्या प्रमुख गौरवी मॅडम एरवी कुठल्याशा खात्यात फायली सांभाळत. निवडणुकीनं त्यांना सकाळी सातपासून ताडपत्रीखाली आणून बसवलं होतं. गाडीत वाकून त्यांनी आधी सरांकडे पाहिलं, मग तांदळाकडे, मग पट्ट्याकडे.

"तांदूळ कुणाचे?"

"माझे."

"पुढच्या सीटवर कशाला?"

"तिथं बायको बसते."

"बायको कुठंय?"

"बसमध्ये."

"म्हणजे बायको बसमध्ये, आणि तांदूळ पट्टा बांधून गाडीत?"

सत्य कधी कधी ऐकायला किती वाईट लागतं, हे सरांना आयुष्यात पहिल्यांदाच कळलं.

"मॅडम, हा प्रयोग आहे. एसी बंद असताना हायब्रिड गाडीचं ॲव्हरेज..."

"आणि एसीच्या गाडीत काचा बंद करून एसी लावला नाही?" मॅडमचा संशय आता कोकमासारखा गडद झाला. "तांदळाचं एक वेळ मी समजेन. पण नारळ कशाला?"

सरांनी नारळांकडे पाहिलं. मत कुणाला द्यायचं याची शपथ नारळावर हात ठेवून घ्यायला लावतात, हे ते स्वतःच बदली म्हणून घेतलेल्या नागरिकशास्त्राच्या तासाला हळू आवाजात सांगत आले होते. तांदूळ आणि नारळ, पेडण्याच्या दिशेनं, मतदानाला आठवडा असताना! मॅडमच्या जागी सर असते तर त्यांनीही असल्या माणसाला सोडलं नसतं.

"वजन पुरं करायला," ते पुटपुटले.

"कुणाचं?"

"बायकोचं."

मॅडमनी खूण केली तसा पथकातला कॅमेरावाला पुढं आला. कॅमेरा डोळ्याला लावता लावता खाली घेतला. "सर? तुम्ही? हांव प्रज्योत. नववी ब."

सरांना धरणीनं पोटात घ्यावं असं वाटलं. पण तिथं नवा डांबरी रस्ता होता.

"मॅडम," प्रज्योत म्हणाला, "सर खोटं बोलायचे नाहीत. मी एकदा प्रयोग न करताच वहीत उत्तर लिहिलं, तर मला आठवडाभर वर्गाबाहेर ठेवलं. हे असं काय तरी ते करणारच."

"ओळख वेगळी, पंचनामा वेगळा," मॅडम म्हणाल्या. पण त्यांनी पेन टेकवलं नाही. घाम त्यांच्या कागदावर पडत होता. "बायकोचं वजन किती म्हणालात?"

"चौसष्ट."

"नक्की?"

"नक्की."

याच वेळी पेडण्याची बस अडथळ्यांपाशी हळू झाली. कमलाक्षीनं खिडकीतून पाहिलं. ताडपत्रीखाली तिचा नवरा हात जोडून उभा होता. अंगावर धूळ, डोक्यावर धूळ, समोर कॅमेरा. तेहतीस वर्षं गावात ज्याला बघून पोरं बिड्या लपवायची, तो माणूस.

तिला पुढं जाता आलं असतं. सगळा न्याय तिच्या बाजूनं होता. माहेरी पूजा होती, वहिनीनं लवकर बोलावलं होतं, आणि नवऱ्यानं तिच्या जागी तांदूळ बसवले होते.

"थांबव रे," ती कंडक्टरला म्हणाली.

"बाये, धारगळचो स्टॉप फुडें."

"ठाऊक आहे. तो घोव माझा."

बस थांबली. ती उतरली. बस मात्र पुढं हलली नाही. ड्रायव्हरला अचानक आरसा पुसायची आठवण झाली आणि सगळे प्रवासी डाव्या बाजूच्या खिडक्यांत जमा झाले.

मॅडमनी एक युक्ती केली. सरांना दहा पावलं दूर उभं केलं. "तुम्ही एक शब्दही बोलायचा नाही. बाई, तुम्ही ह्यांच्या कोण?"

"बायको."

"हे सांगतात, गाडीतले तांदूळ तुमच्या वजनाइतके आहेत. तेव्हा मला तुमच्या तोंडून ऐकायचंय. तुमचं वजन किती?"

सरांनी डोळे मिटले. झालं. कार्डावर पंचावन. लग्नघरी पंचावन. तिच्या सख्ख्या बहिणीला पंचावन. आजवर डॉक्टरनं काट्यावर उभं राहा म्हटलं की ती चप्पल शोधायला लागायची. ती पंचावन म्हणणार, मॅडम पंचनामा लिहिणार, आणि यात तिची काडीचीही चूक नव्हती. सरांना गाडीचे आकडे आठवेनात. एवढंच आठवलं की सकाळी फाटकाची कडी तिनं हळू लावली होती.

कमलाक्षीनं गाडीतल्या पिशव्यांकडे पाहिलं. बसकडे पाहिलं. मग प्रज्योतला विचारलं, "ह्या कॅमेऱ्यात आवाज पण येतो?"

"येतो, काकी."

"मग नीट धर." तिनं पदर खोचला. "चौसष्ट."

बसमधून कुणीतरी 'देवा!' म्हणालं.

मॅडमनी पिशव्यांवरचे आकडे वाचले. पंचवीस, पंचवीस, दहा. पलीकडे आंबेवाली बसली होती, तिचा काटा आणून नारळ चढवले. तीन किलो नऊशे. मॅडमनी बोटांवर बेरीज केली, पुन्हा केली, आणि त्यांच्या ओठाचा एक कोपरा सकाळपासून प्रथमच हलला. उरलेले शंभर ग्रॅम त्यांनी सरांना माफ केले.

"जावा," त्या म्हणाल्या, आणि उठायला गेल्या तशा त्यांनी मेजाची कड घट्ट धरली. चेहरा पांढराफटक पडला होता.

कमलाक्षी पुढं धावली. "अहो, बघता काय! एसी लावा. बाईंना चक्कर येतेय."

मॅडमना मागच्या सीटवर बसवलं. प्रज्योत आणि शिपाई यांनाही तिनं आत कोंबलं. सरांनी एसी लावला. कमलाक्षीनं हात लांब करून तो वीसवर नेला. पाणी दिलं, आपल्या पिशवीतला गूळ दिला, आणि नैवेद्याला घेतलेली दोन केळी सोलून दिली.

गाडी जागची हलत नव्हती. आधी बॅटरी चालली, मग इंजिन आपण होऊन सुरू झालं, मग थांबलं, पुन्हा सुरू झालं. पडद्यावर बावीस पूर्णांक तीनचे एकवीस झाले. वीस. एकोणीस. उभी गाडी पेट्रोल पीत होती आणि एक इंचही पुढं जात नव्हती. सर बघत राहिले. सतरा झाले तेव्हा मॅडमच्या गालांवर रंग आला. सरांना सतरा हा फार सुंदर आकडा वाटला.

"थँक्यू हं, सर," मॅडम उतरताना म्हणाल्या.

"मला नाही," सर म्हणाले आणि त्यांनी कमलाक्षीकडे बोट केलं.

तांदूळ मागच्या सीटवर गेले. कमलाक्षी आपल्या जागी बसली. मग सरांनी घसा साफ केला.

"बंद ठेवून बावीस पूर्णांक तीन आलं होतं. लावून वीस पूर्णांक सहा. म्हणजे एसीचे किती? पावणेदोन किलोमीटर. फार तर आठ टक्के. बाकीचं माझ्या पायाचं असणार. मी एरवी फार जोरात दाबतो. आणि कंपनीचं ते सव्वीस कुणी, कुठल्या थंड खोलीत काढलं देव जाणे."

"पावणेदोन किलोमीटर," ती म्हणाली. "साखळीच्या बाजारातून भाजी घेऊन तेवढं मी रोज चालते. तेच ह्या एसीला द्या."

"दिले."

मग ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "चौसष्ट कसं कळलं तुम्हाला? मी कुणाला सांगितलेलं नाही."

"स्कूटरवरून."

"काय?"

"अठ्ठावीस वर्षं मागं बसत होतीस तू. हरवळ्याच्या चढावर हँडलला सगळं कळतं गो. सुरुवातीला एकावन्न होतीस. आपला परेश झाला तेव्हा अठ्ठावन. चौसष्टला येऊन आता सहा वर्षं झाली."

तिचे डोळे मोठे झाले. "आणि इतक्या वर्षांत कधी बोलला नाहीत?"

"बोलायचं काय त्यात? चढ संपायचा."

कमलाक्षी हसायला लागली ती थांबेचना. हसता हसता तिनं पदराचं टोक बाटलीतल्या पाण्यात भिजवलं आणि त्यांच्या गालावरची धूळ खसाखसा पुसून काढली. सर गाडी चालवत होते, तरी हललेसुद्धा नाहीत.

नारायणाच्या दारात पोचले तेव्हा पूजा मांडली जात होती. वहिनीनं गाडीचं मागचं दार उघडलं आणि ओरडलीच, "अगो, एवढे तांदूळ! कशाला आणलेत?"

"ह्यांनी आणलेत," कमलाक्षी म्हणाली. मग जरा थांबून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "माझ्या वजनाचे. चौसष्ट किलो."

भटजी रांगोळी टाकता टाकता उठून उभे राहिले. "धान्यतुला? पत्नीची धान्यतुला? वा, सर! शास्त्रात आहे, पण करतो कोण हल्ली!"

बघता बघता घरभर झालं. नारायणानं सरांच्या पाठीवर हात ठेवला. वाड्यावरच्या म्हाताऱ्या आपापल्या नवऱ्यांकडे तिरक्या नजरेनं पाहू लागल्या. सरांनी तोंड उघडलं, कारण चुकीचं कारण खपवून घेणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. मग त्यांनी कमलाक्षीकडे पाहिलं. ती वळेसर नीट करत उभी होती आणि हळूच मान नकारार्थी हलवत होती. सरांनी तोंड मिटलं.

त्यांना पाटावर बसवलं गेलं. शेजारी ती. समोर तीन पिशव्या आणि चार नारळ, त्यांवर हळदकुंकू. भटजींनी पळी हातात दिली.

"संकल्पाला निमित्त सांगावं लागतं, सर. हे दान कशाप्रीत्यर्थ?"

सरांनी विचार केला. त्यांना आयुष्यात इतकं सोपं उत्तर कधी सापडलं नव्हतं.

"ती बसमधून उतरली, त्याप्रीत्यर्थ," ते म्हणाले.

भटजींनी डोळे मिटून त्याचं संस्कृत शोधलं. सापडेना. तेव्हा त्यांनी ते तसंच, मराठीतच, मोठ्यानं म्हटलं आणि पळीभर पाणी सोडायला सांगितलं.